मणक्यात गॅप आलाय म्हणे!

एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचं गाव, नोकरी आणि मुलीचं लग्न हे तिन्ही विषय उरकायला रत्नागिरी ते हातखंबा एवढं अंतर पुरतं. पण मांडीवर एमआरआयचं पाकीट असेल तर या पायऱ्या गाळून थेट मुद्द्याला हात घातला जातो.

"काय आला रिपोटात?"

हे पाकीट लपवायची सोय नाही. आतल्या फिल्म १४ बाय १७ इंचांच्या. त्या दुमडायच्या नाहीत, त्यांची वळकटी करायची नाही, म्हणून पाकीट त्याहून मोठं. बाजाराच्या पिशवीत ते मावत नाही, छातीशी धरून चालावं लागतं. पावसाळ्यात माणूस भिजला तरी चालतो, पाकिटाला मात्र प्लॅस्टिकची पिशवी असते. मारुती मंदिरापासून माळनाक्यापर्यंत ते मिरवत नेलं की संध्याकाळपर्यंत निम्म्या शहराला कळतं, यांचं काहीतरी निघालं. हल्ली रिपोर्टची पीडीएफ मोबाइलवर येते, वर घरातल्या कुठल्याच यंत्रात न चालणारी सीडी मिळते. पण फिल्म हातात आल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. ती आधी ट्यूबलाइटसमोर, मग खिडकीत, मग अंगणात उन्हात धरली जाते. उलटी धरली तरी फारसा फरक पडत नाही.

तपासणीचा भाग त्यामानाने सोपा. कोकण रेल्वेने ये-जा करणाऱ्यांना बोगद्याचं भय नसतं. रत्नागिरीजवळचा कारबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, पण गाडी काही मिनिटांत उजेडात येते. एमआरआयचा बोगदा जेमतेम माणसाएवढा, त्यात वीस-तीस मिनिटं न हलता पडायचं आणि आवाज ऐकायचा शिमग्यातल्या ढोलांसारखा, फक्त पालखी काही नाचत नाही. आत जाण्यापूर्वी मंगळसूत्र, घड्याळ, करगोट्याला बांधलेली कपाटाची किल्ली बाहेर ठेवायची. हा नियम थट्टेवारी नेण्याचा नाही. नेहमीच्या यंत्राचं चुंबकीय क्षेत्र दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट एक तरुण या यंत्राकडे खेचला गेला आणि जिवाला मुकला.

यंत्राचा इतिहास मात्र कोकणी माणसाला अगदी घरचा वाटेल. रेमंड डमेडियन यांनी जुलै १९७७ मध्ये जिवंत माणसाच्या छातीचं चित्र या तंत्राने घेतलं. त्या एका चित्राला जवळजवळ पाच तास लागले. पुढे २००३ चं नोबेल जाहीर झालं ते पॉल लाउटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना. डमेडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन आपला वाटा मागितला. सातबाऱ्यावर नाव न लागलेला भाऊ यापेक्षा वेगळं काय करतो? त्याचा तलाठी तालुक्यात असतो, यांचा स्वीडनमध्ये होता, एवढंच.

या तंत्राच्या मूळ नावात 'न्यूक्लिअर' हा शब्दही होता. त्याचा संबंध अणूच्या केंद्रकाशी. अणुबॉम्बशी काही नाही, आणि एक्स-रेमध्ये असतात तसले किरणही इथे नसतात. तरी रुग्ण बिचकतील म्हणून तो शब्द गाळला गेला. जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या प्रकल्पावरून ज्या जिल्ह्यात मोर्चे निघाले, त्या जिल्ह्याला या खबरदारीचं मोल समजावून सांगायला नको. नावातल्या एका शब्दाने माणूस हबकतो, हे ज्या वैद्यकशास्त्राला इतकं अचूक कळलं, त्याने रिपोर्टात मात्र तसे चाळीस शब्द शाबूत ठेवले.

रिपोर्ट अर्थातच इंग्रजीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिपोर्टात तिच्या वाट्याला येतं ते फक्त रुग्णाचं नाव. तेही रोमन लिपीत, आणि आडनावाचं स्पेलिंग बरोबर असेलच असं नाही.

खरं पाहता हा रिपोर्ट म्हणजे एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेलं पत्र. लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टने बहुतेक वेळा रुग्णाला तपासलेलं नसतं. कधी फोटो एका गावात निघतो आणि वाचणारा दुसऱ्याच शहरात बसलेला असतो. पत्र पोचवायचं काम रुग्णाचं. पूर्वी मुंबईहून चाकरमान्याचं पत्र आलं की पोस्टमनच ओटीवर टेकून ते वाचून दाखवायचा. इथे पोस्टमनलाच पत्र वाचता येत नाही, आणि पत्र तर त्याच्याच मणक्याबद्दल आहे.

रिपोर्ट येतो सोमवारी संध्याकाळी. डॉक्टरांची वेळ मिळालेली असते गुरुवारची. मधल्या तीन दिवसांत वाचन समितीच्या बैठका होतात. तंत्रज्ञ "सर सांगतील" एवढंच म्हणाला होता, पण म्हणताना त्याचा चेहरा कसा होता यावर पहिली बैठक खर्ची पडते. मेडिकलवाला "गोळ्या चालू ठेवा" सांगतो. विरारचा भाचा कॉमर्सचा पदवीधर. तो पीडीएफ मोबाइलमधल्या एआयला देतो, आणि एआयने दिलेल्या सात शक्यतांपैकी सर्वांत वाईट तेवढी फोनवर वाचून दाखवतो. समितीचं अध्यक्षपद मात्र कायम शेजारच्या काकांकडे, कारण त्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. ते प्रोस्टेटचं होतं, हा तपशील गौण.

समितीला अडवणारे शब्द ठरलेले आहेत. पहिला, 'अनरिमार्केबल'. डोक्याच्या एमआरआयमध्ये तो येतो आणि त्याचा अर्थ 'दखल घ्यावी असं काही दिसलं नाही' इतका आनंदाचा आहे. घरच्या शब्दकोशात मात्र 'सामान्य, विशेष नसलेला' असं निघतं. टिळकांच्या जन्मगावात एखाद्याच्या मेंदूबद्दल हे लेखी देणं धाडसाचंच. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या गृहस्थांना ते लागतं. बायकोला रिपोर्टाची सत्यता पटते.

दुसरा, 'श्मोर्ल नोड'. भाचा कळवतो की नोड म्हणजे गाठ. गाठ म्हटल्यावर पुढचा शब्द घरात कुणी उच्चारत नाही, पण रात्रीच्या कोकणकन्येचं तिकीट निघतं, उतरायचं दादर, तिथून परळ. प्रत्यक्षात ती गाठ नसतेच. मणक्यांमधल्या गादीचा थोडा भाग शेजारच्या हाडात शिरून पडलेला तो खळगा असतो, बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. श्मोर्ल हे त्याचं वर्णन करणाऱ्या जर्मन डॉक्टरांचं नाव. एका परक्या गृहस्थाच्या आडनावापायी आख्खं घर रात्रभर जागं.

तिसरा शब्द रिपोर्टात कुठेच नसतो, तरी तो सर्वांना दिसतो. 'गॅप'.

"मणक्यात गॅप आलाय" हे महाराष्ट्रातलं सर्वमान्य निदान आहे. चिपळूणपासून राजापूरपर्यंत ते सांगायला डॉक्टर लागत नाही. आता रिपोर्टात काय लिहिलेलं असतं? दोन मणक्यांमधली गादी सुकली, तिची उंची घटली, म्हणजे मधलं अंतर कमी झालं. कागद सांगतो गॅप कमी झाला, माणूस ऐकतो गॅप आला. एकदा आला म्हटल्यावर तो बुजवणं ओघानेच येतं. त्यासाठी डिंकाचे लाडू, जडीबुटीचं तेल, पट्टा आणि 'गॅप भरून देतो' असं छातीठोक सांगणारा एखादा हाडवैद्य. खड्डे बुजवण्याच्या बाबतीत मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला राहणारी माणसं आशावादी असतात, हे मान्य केलंच पाहिजे.

फिल्मवर ही गादी नीट पाहता येते. टी-टू नावाच्या चित्रात पाणी पांढरं उमटतं. तरुण गादीत पाणी भरपूर, म्हणून ती ओल्या काजूगरासारखी पांढुरकी दिसते. वय वाढलं की पाणी कमी होतं आणि तीच गादी आमसुलासारखी काळपट दिसू लागते. घरातला कुणीतरी फिल्मवर बोट ठेवून म्हणतो, "ही बघा, काळी पडली." जणू मीठ लावून पत्र्यावर वाळत घातली होती.

गंमत अशी की पाठ मुळीच न दुखणाऱ्यांच्या फिल्ममध्येही हेच सापडतं. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यातल्या ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, त्यात ३,११० धडधाकट माणसं होती. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत दिसली. म्हणजे 'डीजनरेटिव्ह चेंजेस' हे शब्द साठीनंतर रिपोर्टात आले तर ते डोक्यावरचे पिकलेले केस इंग्रजीत लिहून दिल्यासारखे आहेत. केसांसाठी मात्र कुणी कोल्हापूरला आंबा घाट चढून जात नाही.

रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं मानणाऱ्यांसाठी आणखी एक हकीकत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ६३ वर्षांच्या एका बाईंचा कमरेचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत काढला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष निघाले. दहाही रिपोर्टांत आढळला असा दोष एकही नव्हता. लग्नाची पत्रिका दहा गुरुजींना दाखवली तरी एवढी विविधता निघत नाही.

म्हणूनच बहुतेक रिपोर्टांच्या शेवटी रेडिओलॉजिस्ट एक ओळ टाकतो : क्लिनिकली कोरिलेट करावे. म्हणजे चित्रात दिसलेलं आणि माणसाला होणारा त्रास यांचा मेळ बसतो का, ते डॉक्टरने रुग्णाला तपासून ठरवावं. आख्ख्या कागदातली ही सर्वांत प्रामाणिक ओळ. वाचन समिती तिचा अर्थ 'आणखी एक तपासणी' असा लावते आणि कोरिलेट कुठे स्वस्तात होतं याची चौकशी सुरू होते.

यात हसण्यावारी न्यायचं नाही तेही सांगायला हवं. पायातली ताकद कमी होत चालली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला, तर समितीची बैठक भरवायची नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. ही लक्षणं फिल्मपेक्षा मोठी आहेत.

एरवीच्या गोंधळावर तोड कागदावर तयार आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. आजार, निदान आणि उपचार यांची माहिती रुग्णाला त्याच्या समजेप्रमाणे, त्याला येणाऱ्या भाषेत मिळावी, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं मिळतात. कागद मिळतात, समज मिळत नाही. रिपोर्टाच्या तळाशी चार ओळी मराठीत छापायला, 'वयोमानाप्रमाणे झीज आहे, नस दबलेली नाही, घाबरू नये, डॉक्टरांना भेटावे' एवढं लिहायला ना टेस्ला लागतात ना नोबेल. हजारो रुपये घेणाऱ्या केंद्रांना आणि फुकट तपासणाऱ्या सरकारला एवढं नक्की जमेल.

तोवर रुग्णांनी गुरुवारची वाट पाहावी आणि डॉक्टरांच्या टेबलाशी तीन प्रश्न विचारावेत. यातलं माझ्या दुखण्याशी संबंध असलेलं काय? वयामुळे झालेलं काय? आता मी करायचं काय? उत्तरं तिथेच, मराठीत, पाकिटाच्या पाठीमागे लिहून घ्यावीत. पाकीट चांगलं मोठं असतं.