कुठली लाइन?

मुलुंडच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी आणि एक हमाल असे दोघे मिळून गोदरेजचं कपाट जिन्यातून वर चढवत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पांढरा लेंगा आणि हाफ शर्ट घातलेले एक गृहस्थ उभे होते. वाट द्यायची सोडून त्यांनी विचारलं, "कुठली लाइन?"

छातीवर कपाट असताना माणूस फार विचार करत नाही. मी म्हणालो, "अकाउंट्स."

"ते नाही हो. आधी राहायला कुठे होतात?"

"बोरिवली."

"अरेरे, वेस्टर्न!" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कपाटाच्या बाजूने माझ्याकडे जरा वाकून पाहिलं. "असू दे. होईल सवय."

हे नाना. प्रत्येक सोसायटीत एक असतात. आमचे जरा जास्तच आहेत.

नकाशात पाहिलं तर बोरिवली आणि मुलुंड पाठीला पाठ लावून बसलेली आहेत. मधे फक्त संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पण माणसाने इकडून तिकडे जायचं तर खाली दादरला उतरायचं, पूल चढायचा आणि पुन्हा तेवढंच वर यायचं. सरळ जातो तो बिबट्या. त्याला लाइन बदलावी लागत नाही. आता गोरेगावहून मुलुंडला उद्यानाच्या पोटातून जोडबोगदे काढतायत, तर नानांना त्याचीही काळजी आहे. "मग त्यांच्या लाइनचे लोक आपल्याकडे बाजाराला येणार."

नाना फोर्टातल्या एका ऑफिसात चौतीस वर्षं क्लार्क होते. मुलुंड ते व्हीटी. स्टेशनचं नाव पुढे बदललं, नानांचा पास संपेपर्यंत ते व्हीटीलाच उतरत राहिले. रेल्वेत त्यांनी एक दिवस नोकरी केलेली नाही, पण १६ एप्रिल १८५३ ची गोष्ट ते असे सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, ठाण्याच्या त्या पहिल्या गाडीत यांना खिडकी मिळाली होती. १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. "आणि ती गाडी आपल्या मुलुंडवरून गेली," हे वाक्य ते उभं राहून म्हणतात. "वेस्टर्नवाल्यांची पहिली लोकल कधी? १८६७. आपण १४ वर्षांनी मोठे." थोरल्या जावेने धाकटीबद्दल बोलावं तसा सूर. लग्नसुद्धा त्यांनी लाइन बघून केलं. काकू सोलापूरच्या. म्हणजे सेंट्रल रेल्वेच.

पण रेल्वे हा या शब्दाचा केवळ पहिला डबा झाला. सकाळी सहाला नाना खाली ओरडतात, "लाइन आली का?" ते पाणी. कागदावर ओळ मारायची असते ती लाइन, बँकेत उभं राहायचं ती लाइन, बुमराह अचूक टाकतो तीही लाइन. कोणाचा मुलगा काय करतो, तर तो आयटी लाइनमध्ये. फाटकाशी मोटारसायकलवर बसलेली पोरं मारतात ती वेगळी लाइन, आणि तिच्याविषयी नानांचं मत असं की लाइन मारायचं वय संपायच्या आत पोरगं लाइनीला लागलं पाहिजे. घरी एकच बाथरूम, माणसं पाच. तेव्हा सकाळी पंचा खांद्यावर टाकून ते पॅसेजमधून विचारतात, "लाइन क्लिअर?" पुढच्या स्टेशनने रस्ता मोकळा असल्याचं कळवल्याशिवाय मागचा स्टेशनमास्तर गाडी सोडत नाही, तसं आतून होकार आल्याशिवाय नाना पाऊल उचलत नाहीत.

एका पावसाळ्यात रात्री दहाला वीज गेली. मी मेणबत्ती घेऊन त्यांच्या दाराशी गेलो तर अंधारातून आवाज आला, "अरे, लाइनमनला लाइन लावतोय, पण लाइन गेल्यापासून सगळेच लाइनवर, त्यामुळे त्याची लाइन लागत नाहीये."

मला वाक्य कळलं. पहिल्या फटक्यात कळलं. त्या रात्री मी बोरिवलीचा उरलो नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'सेट' आणि 'रन' हे शब्द जास्तीत जास्त अर्थांचे मानकरी आहेत म्हणे. कोशवाल्यांनी एक आठवडा नानांच्या गॅलरीत काढायला हवा होता. मी मात्र एकदा हौसेने या शब्दाचं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस. जवसाच्या धाग्याची दोरी ती लिनिआ, आणि तिच्यापासून लाइन. नानांना सांगितलं तर ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे गवंडी विटांना लावतो ती लाइनदोरी, तीच खरी." मला हे सुचलंच नव्हतं. काकू आतून म्हणाल्या, "आमच्या सोलापूरला ती लाइन भाजतात, लसूण-तिखट घालून कुटतात आणि भाकरीबरोबर खातात."

मागे २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, सोसायटीतल्या एका शिक्षिकाबाईंनी नानांना पैजेवर घेतलं. दिवसभर 'लाइन' म्हणायचं नाही, म्हटलं की डब्यात दहा रुपये. नाना म्हणाले, "त्यात काय? आपल्याकडे शब्दांचा तोटा आहे का? रांग आहे, ओळ आहे, रेघ आहे, मार्ग आहे." खरंच आहे सगळं. अडचण एवढीच की मराठीत प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे आणि तो वेळेवर आठवावा लागतो. नऊ वाजता त्यांनी तळमजल्यावरच्या जोशांना विचारलं, "मुलगा कुठल्या रेषेत आहे?" जोशी पत्रिका आणायला घरात गेले. साडेदहाला प्लंबरला म्हणाले, "पाण्याची ओळ चोंदली आहे." दुपारी फोनवर मुलीला "रांगेवर राहा" म्हणाले. मुलीने घाबरून भावाला फोन केला, नानांना जरा बघून ये. चारच्या सुमारास त्यांनी स्वतःच शंभराची नोट डब्यात टाकली आणि म्हणाले, "आगाऊ. आता मला बोलू द्या." त्या पैशांचे बटाटेवडे आले. त्यांच्यासाठी नाना म्हणाले तशी सगळ्यांनी लाइन लावली.

या माणसाचा कंटाळा येतो, नाही असं नाही. दादरला २०२३ च्या डिसेंबरात सेंट्रलच्या फलाटांना आठपासून पुढचे नंबर मिळाले, तेव्हा "आमचा एक नंबर काढून घेतला" हे त्यांनी आम्हाला महिनाभर ऐकवलं. पण २०१६ च्या नोव्हेंबरात त्यांना पाहिलंय, म्हणून मी ऐकून घेतो. नोटा बंद झाल्याच्या त्या दिवसांत स्टेशनजवळच्या एका बँकेबाहेर पहाटेपासून माणसं उभी असायची. नाना पाचला जायचे. वहीची पानं फाडून त्यांनी नंबर लिहिले, सोसायटीच्या पूजेच्या खुर्च्या आणून म्हाताऱ्यांना बसवलं, आणि ज्यांना चहाला जायचं त्यांच्या चपला जागेवर ठेवायची पद्धत पाडली. सकाळी आठला पाहावं तर फुटपाथवर चपलांची लांबच लांब लाइन आणि तिच्या टोकाला छत्री रोवून नाना. मधे घुसू पाहणाऱ्या एका तगड्या माणसाला ते म्हणाले, "साहेब, ही चप्पल पंच्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या मागे उभे राहा." तो राहिला. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, नाना, तुमच्या नोटा बदलून झाल्या का? ते म्हणाले, "आमच्या नव्हत्याच. चार होत्या, त्या हिने डाळीच्या डब्यातून काढून पहिल्याच दिवशी भरल्या." तीन दिवस ते दुसऱ्यांची लाइन धरून उभे होते.

गेल्या वर्षी त्यांच्या नातीचं ठरत आलं. मुलगा तिनेच पाहिलेला, राहणारा अंधेरीचा. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलगा चांगला असेल. पण लाइन वेगळी. उद्या मेगाब्लॉकला तुला माहेरी यायचं झालं तर?"

"नाना, घाटकोपरहून मेट्रो आहे. २०१४ पासून आहे."

"तो पूल आहे. लाइन जमिनीवर असते."

त्यांच्या मनातली अंधेरी अजून ३४० नंबरच्या बसने जायची. साकीनाक्याला अर्धा तास, बरोबर पोळीभाजीचा डबा. शेवटी एका रविवारी निघालो. मला दुभाष्या म्हणून घेतलं होतं, "तुला त्यांच्याकडचं कळतं." घाटकोपरला मेट्रोसाठी जी गर्दी उभी होती ती पाहून त्यांचा जीव जरा थंडावला. "बरी लाइन आहे," ते म्हणाले. गाडीत त्यांनी स्टेशनं बोटांवर मोजली. वर्सोव्यापर्यंत बारा हे दारावरच्या पट्टीवर ताडून पाहिलं. असल्फ्याची टेकडी दिसली तेव्हा खिडकीशी गेले आणि अंधेरी आली तरी तिथून हलेनात.

मुलाकडे पोहे आले, चहा आला. मुलगा साधा होता, नमस्काराला वाकला, नानांचा चष्मा पडता पडता त्यानेच झेलला. नानांनी बशी खाली ठेवली, घसा साफ केला आणि विचारलं, "कुठली लाइन?"

"वेस्टर्न," मुलगा म्हणाला.

नाना थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "अकाउंट्समध्ये असणार."