डाग खाली, गळती वर

तुमच्याकडेही ते असणारच, तेव्हा ओळखपरेड करत बसत नाही. सकाळी दूध आणायला निघालेला, पण पिशवी काखेत मारून भलत्याच्याच गाडीखाली डोकं घातलेला गृहस्थ तुम्ही पाहिला असेल, तर तेच ते. आमच्या भूगावच्या सोसायटीत त्यांना गळतीकाका म्हणतात. पिंपरीच्या कारखान्यात, क्वालिटीत जन्म गेला. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी आमच्या गाड्या धरल्या.

पद्धत ठरलेली. फरशीवर डाग दिसला की काका थबकतात, गुडघ्यांना शिव्या देत उकिडवे बसतात, तर्जनी डागात बुडवतात, अंगठ्यावर चोळतात आणि नाकाशी नेऊन डोळे मिटतात. बघणाऱ्याला वाटावं, अत्तराची पारख चाललीय. मग निकाल. काळं नि बुळबुळीत असेल तर इंजिन ऑईल. लालसर असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचं. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळट काही असेल तर ब्रेक ऑईल, गाडी जागची हलवायची नाही. हिरवट आणि वासाला किंचित गोड असेल तर कूलंट. आणि बोटाला नुसतं स्वच्छ पाणी लागलं की काकांचा चेहरा पडतो. ‘एसीचं पाणी आहे हो,’ हे ते अशा स्वरात सांगतात, की नव्या एसयूव्हीच्या मालकालाच त्यांचं सांत्वन करावंसं वाटतं.

संशयित गाडीखाली रात्री पेपर अंथरला जातो. सकाळी कुठल्या मजकुरावर थेंब पडलाय त्यावरून निदान होतं. ‘अग्रलेखावर आहे, म्हणजे मागचं सील,’ असं काका जिन्यातूनच ओरडून सांगतात. त्या पेपरात अग्रलेखाचा दुसरा काही उपयोग झाल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

हे चोळणं-हुंगणं पार्किंगपुरतं राहिलं असतं तर सोसलं असतं. सत्यनारायणाला तीर्थ हातावर पडलं, तर काकांची तर्जनी अंगठ्यावर फिरली आणि नाकाशी गेली. गुरुजी पळी तशीच धरून थांबले. ‘चालू द्या,’ काका म्हणाले. एका लग्नात त्यांनी बासुंदी चोळून बघितली आणि मान हलवली, ‘पातळ आहे. तापल्यावर टिकायची नाही.’ मुलीच्या वडिलांना वाटलं, जावयाबद्दल बोलतायत. पौड रस्त्याला मिसळ खायला बसलो, तर तर्रीत बोट. ‘तेल वर, रस्सा खाली. गॅस्केट शाबूत आहे.’ हेड गॅस्केट गेलं की पाणी ऑईलमध्ये शिरतं आणि ऑईलच्या झाकणाच्या आत दुधाळ साय धरते, हे ज्ञान आम्हाला पावाच्या तुकड्याबरोबर मिळालं. ‘पण लगेच घाबरायचं नाही,’ काका पुढे म्हणाले, ‘गाडी रोज नुसती कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली तरी दमटपणाने ती साय येते. रेडिएटरचं पाणी कमी होतंय का, ते आधी बघायचं.’ नंतर कॉफी आली. काकांनी कपात डोकावून असा सुस्कारा सोडला, की पोऱ्याने विचारलं, ‘बदलून आणू का?’

माझी गाडी पंधरा वर्षं ओलांडून फेरनोंदणीला टेकलेली. इंजिन आणि गिअर बॉक्स जिथे जुळतात तिथून ऑईल टपकत होतं. गॅरेजवाला म्हणाला, क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअर बॉक्स उतरवावा लागेल, दोन दिवस गाडी सोडा. काकांनी किल्ली माझ्या हातातून काढूनच घेतली. डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन धुतलं, फडक्याने कोरडं केलं. मग घरात जाऊन काकूंच्या टाल्कम पावडरचा डबा आणला आणि इंजिनावर पावडर मारली. ‘माझ्यासाठी कधी हौसेने आणला नाही,’ काकू गॅलरीतून म्हणाल्या. इंजिन चालू ठेवलं. थोड्या वेळाने त्या पांढऱ्यावर एक काळा ओघळ उमटला. तो सुरू होत होता थेट वर, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपाशी. रबर कडक होऊन चिरलं होतं. तिथून निघालेलं ऑईल इंजिनाच्या पाठीवरून उतरत खाली येऊन लोंबत होतं.

‘डाग खाली दिसतो, गळती वर असते,’ काका म्हणाले. गाडी चालताना वारा ऑईल मागे ढकलतो, उतार ते खाली नेतो. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. हजारांचं काम शेकड्यांत आलं. वर त्यांनी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून माझ्या कानाशी हलवला. ‘वाजतोय? नाही ना? चोंदलाय. आतली हवा कोंडली की इंजिन सापडेल त्या फटीतून ऑईल बाहेर ढकलतं. नुसतं पॅकिंग बदलाल, तर पुढच्या महिन्यात दुसरीकडून गळेल.’

त्या उपकाराची परतफेड म्हणून त्यांना जुलैत ताम्हिणीला नेलं. पावसात ताम्हिणीला काकांना नेऊ नये. दोन्ही बाजूंना धबधबे, आणि हे पुढच्या सीटवर बसून टेम्परेचरचा काटा बघतायत. ‘काका, डावीकडे बघा.’ ‘तुम्ही काटा बघा.’ चढावर, हौशी लोकांच्या गाड्यांच्या रांगेत, काटा खरंच वर सरकला. काकांनी एसी बंद करायला लावून हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच; इंजिनाची उष्णता तेवढीच आत खेचली जाते. बाहेर पाऊस कोसळत असल्याने काचा बंद. ‘ताम्हिणीत घामाने भिजलेले आपण पहिलेच,’ बायको मागून म्हणाली.

गाडी कडेला घेतली. एक उत्साही तरुण रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाला, तसे काका गरजले. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण निघालं की ते वाफेसकट सरळ तोंडावर येतं. बोनेट निवेपर्यंत कणसं खाल्ली. टेम्पोवाल्याने सल्ला दिला, रेडिएटरमध्ये हळद टाका, भोक बुजतं.

‘हळद लावून लग्न होतं, गळती जात नाही. उलट रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात.’

मग बॅटरी, बोट, अंगठा, नाक. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, पुलीखाली वाळलेल्या कूलंटचा पांढुरका-हिरवा ओघळ सापडला. तिथे एक बारीक भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न मुरता त्यातून बाहेर येतं. ‘ते भोक चहाडी करतंय. त्याला बुजवू नका, वॉटर बॉडी बदला,’ काका म्हणाले.

थांबत थांबत, पाणी घालत परतलो. समोर मुळशीचं अख्खं धरण पसरलेलं आणि आम्ही रेडिएटरसाठी टपरीवरून पाण्याच्या बाटल्या विकत घेतोय. काका धरणाकडे बघत म्हणाले, ‘तालुक्यातली सगळ्यात मोठी गळती ही.’ पाऊस मुळशीत पडतो. पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथे वीज होते, वीज मुंबईला जाते. उरलेलं पाणी कुंडलिकेत जातं आणि पुण्याची पोरं कोलाडला जाऊन, पैसे भरून, त्याच्यावर राफ्टिंग करतात. आमच्या सोसायटीत एप्रिल उजाडला की टँकर. ‘1921 साली सेनापती बापट इथल्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रहाला बसले. त्यांनी वरून धरलं होतं. आपण शंभर वर्षं फरशी पुसतोय.’ एवढं बोलून त्यांनी बाटलीचं पाणी बोटावर घेतलं, आणि अर्थातच हुंगलं.

काकांकडे स्वतःची गाडी नाही, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं. पूर्वी प्रीमियर पद्मिनी होती. ‘तिचा क्लच आणि माझे गुडघे एकदमच गेले,’ यापलीकडे ते बोलत नाहीत. त्यांचं पार्किंग रिकामं असतं. भाड्याने मागणारे पुष्कळ आहेत, पण ते देत नाहीत. मधोमध थाळीएवढा जुना काळा डाग आहे आणि तो सोड्याने घासायचा नाही अशी झाडणाऱ्या मावशींना सक्त ताकीद आहे. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, त्या बातमीचा पेपर त्यांच्या कपाटात आहे. घरातली बाकी सगळी रद्दी गाड्यांखाली जाते.

आणखी एक गोष्ट, नाइलाजाने सांगतो. हिरवा डाग दिसला की काका आधी बादलीभर पाणी आणून तो धुतात, गाडीच्या मालकाला नंतर उठवतात. कूलंट गोडसर असतं, सोसायटीतली कुत्री ते चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी मरतात. सकाळी सहाला बादलीचा आवाज आला म्हणून मी पूर्वी चडफडत असे. आता निदान मनातल्या मनात चडफडतो.

यंदाच्या सभेत पार्किंगच्या छताला आलेल्या ओलीचा विषय निघाला. कमिटीचं म्हणणं, गणपतीआधी रंग देऊन टाकू. काका उठले, ‘वरच्या बागेतलं पाणी जायचा पाईप तुंबलाय. वर जाऊन बघा. डाग खाली दिसतो...’ पुढचं वाक्य सगळ्या सभेने एका सुरात पूर्ण केलं. ‘काका, तुम्ही गाड्यांचं बघा,’ चेअरमन म्हणाले. त्यावर कोणीतरी म्हणालं, की गाड्यांचंही त्यांनी बघू नये. झालं. छताला रंग द्यावा, आणि परवानगीशिवाय कोणीही दुसऱ्याच्या गाडीखाली वाकू नये, असे दोन ठराव एकाच सुरात मंजूर झाले. रंग लगेच लागला. पाईप अजून तुंबलेलाच आहे.

आठवड्याच्या आत, भल्या पहाटे, काकांच्या घरी फोन वाजला. चेअरमनसाहेब कुजबुजत होते, ‘काका, जरा खाली येता का? कोणाला बोलू नका. गाडीखाली काहीतरी दिसतंय.’

काका पेपर शोधायला लागले. काकूंनी आतून पावडरचा डबा आणून हातात दिला.

‘नवा आहे, जपून वापरा. चेअरमनची गाडी मोठी आहे.’