अमर्याद रजेचा मानकरी

हिंजवडीच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हा भेटतो. गळ्यात कंपनीचा पट्टा आणि तोंडात एकच वाक्य: ‘‘आमच्याकडे रजा अनलिमिटेड!’’ स्थळ सांगून येतं तेव्हा त्याची आई पॅकेजच्या खालोखाल हेच सांगते.

आधीच्या साध्या कंपनीत तो असा नव्हता. डिसेंबर उजाडला की पीएल मोजायचा. सहा लॅप्स होतायत म्हटल्यावर शनिवार-रविवार जोडून बिनदिक्कत गणपतीपुळे गाठायचा. साहेबाने कुरकुर केलीच, तर पोर्टलवरचा आकडा त्याच्या वतीने भांडायचा. आता आकडाच नाही, मग भांडणार कोण? शेजारच्याने किती रजा घेतली ते बघून आपली ठरवायची. शेजारचाही ह्याच्याकडेच बघत बसलेला.

रजेचा निरोप लिहिताना त्याला पाहावं. आधी ‘तीन दिवस रजा हवी आहे’. मग ‘हवी’ खोडून ‘मिळू शकेल का’. मग तीनाचे दोन. शेवटी जातं ते असं: ‘दीड दिवस गावी आहे, लॅपटॉप सोबत आहे, काहीही लागलं तर फोन करा.’ घरचा गणपतीही दीड दिवसाचाच, पण तो निदान आरतीला हजर असतो. हा पडवीच्या टोकाला, रेंजच्या दोन कांड्या धरून उभा.

वडील सरकारी नोकरीतून निवृत्त. 300 दिवसांच्या अर्जित रजेचे पैसे घेऊन त्यांनी घरावर स्लॅब टाकली.

‘‘तुझी शिल्लक किती?’’

‘‘शिल्लक नसते, बाबा. अमर्याद आहे.’’

‘‘बरं. मग नोकरी सोडताना पैसे किती दिवसांचे देणार?’’

यावर चिरंजीव मोबाइलमध्ये बघतात. म्हातारा नेमका मेखेवर बोट ठेवतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यात रजा 45 दिवसांपर्यंत साठते, आणि साठलेली रजा म्हणजे मालकाच्या डोक्यावर देणं. अमेरिकेत ही टूम फोफावली ती उगाच नाही. जी रजा साठतच नाही, तिचं देणं ताळेबंदात दाखवायचं कशाला? (कंपनीचा मेल मात्र ‘विश्वासा’वर दोन परिच्छेद खर्च करतो.)

त्याच अमेरिकेत किकस्टार्टर नावाच्या कंपनीने 2015 मध्ये अमर्याद रजा गुंडाळून सरळ वर्षाला 25 दिवस ठरवून दिले. किती रजा घेतलेली चालते, हेच लोकांना उमगेना म्हणून. हे मी त्याला सांगितलं, तर तो मनापासून हळहळला.

‘‘फक्त पंचवीस? बिचारे!’’