कंसातला नाग

रात्री अकराला पाठवलेला शोधनिबंध अकरा चाळीसला परत आला. एवढ्या वेळात आमची शिराळ्याची एसटी कऱ्हाडलाही पोचत नाही. माझी तीन पावसाळ्यांची मेहनत कुणीतरी चाळीस मिनिटांत वाचली, तपासली आणि नाकारली, याचं मला आधी कौतुकच वाटलं. मग कळलं की वाचलंच नव्हतं. मजकूर आमच्या नियतकालिकाच्या साच्यात बसत नाही, लेखकांसाठीच्या सूचना पाहाव्यात, एवढंच पत्रात होतं. सूचना एकोणीस पानांच्या होत्या. माझा निबंध अकरा पानांचा.

निबंधाचा विषय म्हणजे शिराळा तालुक्यात घराघरांतून पकडून रानात सोडलेल्या सापांच्या नोंदी. शिराळा म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. परगावच्या लग्नात कुणी गाव विचारलं आणि मी सांगितलं की समोरचा आधी माझी बोटं मोजतो. ती पुरी दहा आहेत. मी प्राणिशास्त्र शिकवतो. मला साप बाटलीतले आवडतात.

सूचना क्रमांक तीन : लेखकाच्या नावाआधी पदव्या लावू नयेत. ही जिव्हारी लागली. दारावरच्या पाटीवर ‘प्रा. डॉ.’ रंगवायला पेंटरने अक्षरामागे पैसे घेतले होते, ते मी घासाघीस न करता दिले. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत ‘डॉ.’ छापायचं राहिलं, तेव्हा मी दुसरी पंगत उठेपर्यंत मांडवाबाहेर उभा होतो, कुणीतरी समजूत काढायला येईल म्हणून. कुणी आलं नाही, आणि जिलेबी संपली. आता या परक्यांनी दोन्ही पदव्या तर काढल्याच, वर माझ्या आणि वडिलांच्या नावाचं एकेकच अक्षर ठेवलं. सातबाऱ्यावरही यापेक्षा जास्त जागा मिळते.

शेवटी स्टँडजवळच्या डीटीपीवाल्या पोराला शरण गेलो. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं आणि भावी नगरसेवकांचे फ्लेक्स यांत त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. मी सूचना वाचून दाखवल्या : टाइम्स न्यू रोमन, बारा पॉइंट, ओळींत दुप्पट अंतर, चित्रं तीनशे डीपीआय.

“सर, आलेखाला कडेनं महिरप टाकू का?”

नको म्हणालो. क्षणभर मोह झाला होता, हेही सांगून टाकतो.

शास्त्रीय नाव तिरक्या टायपात हवं असतं. माझ्या निबंधात नाग पानोपानी, आणि फाइल या संगणकावरून त्या संगणकावर गेली की सगळे नाग सरळ. पोराने तीनदा ते तिरके केले. चौथ्यांदा म्हणाला, “राहू द्या की सर. नाग सरळ झाला तर वाईट आहे का?”

पण या सगळ्या कटकटीत मला खरी भुरळ घातली ती कंसाने. इथे मी जरा रेंगाळणार आहे. घाई असेल त्यांनी पुढचा मजकूर गाळावा. माझे विद्यार्थी गाळतातच.

नागाचं शास्त्रीय नाव नाजा नाजा, आणि त्यापुढे कंसात लिनियस, १७५८. घोणस, मण्यार, धामण, फुरसं, सगळ्यांच्या नावापुढे असेच कुणी ना कुणी कंसात बसलेले. माणसाच्या नावापुढेही लिनियस आहे, सालही तेच १७५८, पण कंस नाही! शास्त्रीय नाव लिहिताना एखादा कंस सुटला तर आमचे परीक्षक भुवया उंचावतात, कारण त्यात एक आख्खी हकीकत असते. लिनियसने नागाला आधी कोलुबर नावाच्या प्रजातीत घातलं होतं. दहा वर्षांनी, १७६८ साली, लॉरेंटी नावाच्या गृहस्थाने नाजा हे वेगळं घर काढलं आणि पुढे नाग तिकडे गेला. ज्याने पहिल्यांदा नाव दिलं त्याचा मान जाऊ नये, पण घर बदललंय हेही कळावं, म्हणून कंस. माणूस पहिल्या दिवसापासून एकाच घरात आहे, म्हणून त्याला कंस नाही.

म्हणजे हे चक्क माहेरचं नाव झालं. आमच्या सौ.च्या पासबुकावर असाच एक कंस आहे. मी उत्साहाने तिला सगळं समजावलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “घर बदलायचंय का, असं नागाला कुणी विचारलं होतं?” वनस्पतिशास्त्रवाले कंसात माहेर लिहून कंसाबाहेर घर बदलणाऱ्याचंही नाव लावतात. आम्ही प्राणिशास्त्रवाले सासरच्या माणसाला सहसा विचारत नाही. यावरून आमच्या दोन विभागांत वाद आहे, आणि चहाचा खर्च वेगळा झाला आहे.

बरं, हा लिनियस भारतात कधी आलाच नाही. त्याने नाग पाहिला तो स्पिरिटमध्ये बुडवलेला, नाहीतर चित्रातला.

मला नाग ज्यांनी दाखवला त्यांना गाव तात्या म्हणतं. सत्तरी उलटली. तरुणपणी नागपंचमीआधी नाग धरायचे आणि पंचमी झाली की जिथला तिथे नेऊन सोडायचे. बांध चुकला तर घरी जेवण मिळत नसे. १९७२चा वन्यजीव कायदा होताच; पुढे उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि जिवंत नागांच्या जागी प्रतिमा आल्या. कायदा योग्य आहे असंच माझं मत आहे. तात्यांच्या ओसरीवर बसून मात्र ते मी मोठ्याने म्हणत नाही. भात काढणीला आलं की उंदीर घराकडे सरकतात आणि नाग उंदरांमागे, हे त्यांनी मला तंबाखू मळता मळता सांगितलं. तेच मी तीन वर्षं नोंदी करून काय-स्क्वेअरची संख्याशास्त्रीय चाचणी लावून सिद्ध केलं. तो माझा निष्कर्ष. निबंधात तोच एक शहाणपणाचा आहे.

संदर्भसूचीत मी तात्यांचं नाव घातलं. फाइल चढवल्यावर त्या ओळीखाली लाल रेघ आली : संदर्भ अपूर्ण, प्रकाशक, वर्ष, पृष्ठक्रमांक द्या. ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून पाहिलं, तर सूचना क्रमांक सतरा : असे संदर्भ सूचीत चालणार नाहीत. आभार मानायला पन्नास शब्दांची मर्यादा. त्यातले बेचाळीस प्राचार्य आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांत गेले होते. ते कमी करण्याची माझी छाती नव्हती.

त्या रात्री मला झोप लागेना, आणि राग आला तो स्वतःचाच. दामोदर कोसंबींनी १९३१ साली एक गणिती टिपण छापलं होतं. त्यात डी. बुर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला होता. असा रशियन गणितज्ञ कधी जन्मलाच नव्हता. आंद्रे वेल या मित्राच्या चिथावणीने, एका सहकाऱ्याची जिरवायला केलेला तो खोडसाळपणा होता. न जन्मलेला रशियन छापून येतो. आणि माझे तात्या, खोकतात, विडी मागतात, नागाच्या बिळाचं तोंड बघून आत कोण आहे ते सांगतात, त्यांच्याखाली लाल रेघ. कोसंबींची हिंमत माझ्यात असती तर तात्यांना प्रकाशक, पृष्ठक्रमांक सगळं दिलं असतं. मी काय केलं? ओळ खोडली. फाइल हिरवी झाली.

पीडीएफ आल्यावर पोराकडून रंगीत प्रत काढली आणि ओसरीवर गेलो. तात्यांनी धोतराला हात पुसून कागद घेतला, उलटा धरला, मग सुलटा केला.

“मास्तर, ह्यात नाग कुटं हाय?”

मी तिरक्या अक्षरांवर बोट ठेवलं.

“आन् ही गोल रेघेत कोन बसलंय?”

“लिनियस. स्वीडनचे. त्यांनी नागाला नाव दिलं.”

“धरला व्हता त्यांनी?”

“नाही. बाटलीतला बघितला असेल.”

तात्यांनी कागद नीट घडी करून मला परत दिला.

“मग कोंडलंय ते बराबर हाय.”