31 इंची रुबाब

माझ्या भाच्याकडे एक पांढरी पिकअप आहे, आणि जगातल्या बहुतेक अडचणी टायर लहान असल्यामुळे येतात असं त्याचं ठाम मत आहे. पपईचा भाव पडो, घाटात गाडी अडो, ठरत आलेली सोयरीक फिसकटो, बोलता बोलता तो विषय चाकापर्यंत आणून सोडतो. मी शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे घरातली कोणतीही आकडेमोड माझ्याकडे येते, पण ती नेहमी पैसे खर्च झाल्यानंतर.

आमच्या शहाद्याकडे पिकअपवाल्याला कोणी ‘काय करतोस?’ असं विचारत नाही, ‘आज कुठे?’ एवढंच विचारतात. सकाळी पपई भरायची, दुपारी ओली लाल मिरची नंदुरबारला पथारीवर ओतून यायची, दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या यात्रेत कोणाचा तरी घोडा पोचवायचा. हे सगळं पोटासाठी. भाच्याचा जीव खरा रमतो तो टोचनात. तोरणमाळच्या घाटात किंवा तळोद्याहून धडगावकडे जाताना चांदशैलीच्या चढावर कोणाची गाडी बंद पडली की याला फोन येतो. मग हा साखळी, टॉमी आणि किन्नराला घेऊन निघतो. त्या वेळी घरात कोणी जेवायला बस म्हटलं तर त्याला राग येतो. लग्नसराईत याच गाडीच्या मागे जनरेटरची ट्रॉली लागते आणि हौद्यात स्पीकरची भिंत उभी राहते. थोडक्यात, ओढणं हा त्याचा धंदा आहे, आणि ओढणाऱ्याचं चाक मोठं असावं हे त्याचं तत्त्वज्ञान.

हे तत्त्वज्ञान त्याला मोबाइलवर मिळालं. आइसलँडमधली माणसं आपल्या जीपना कमरेएवढे टायर लावतात, त्यांतली हवा जवळजवळ सगळी सोडून देतात आणि बर्फावरून तरंगत जातात. हे खरंच आहे, आणि तिथे ते शहाणपणाचंही आहे. आमच्या जिल्ह्यात बर्फ म्हणजे कडाक्याच्या थंडीत अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला गवतावरचं दव गोठतं, तेवढाच. त्याचा फोटो पेपरात येतो आणि ऊन पडेपर्यंत बर्फ वितळलेलाही असतो. एवढ्या बर्फासाठी तयारी करून ठेवणारा माणूस दूरदृष्टीचा म्हटला पाहिजे.

टायर सुरतेहून आले. नंदुरबारच्या माणसाला मुंबई लांब आणि सुरत हाताशी. नवापूरच्या स्टेशनावर तर एकाच बाकाचा निम्मा भाग महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत आहे. तेव्हा आपण खरेदीला परराज्यात जातो असं इकडे कोणाला वाटतच नाही. भाचा त्या टायरांसोबत हौद्यात बसून आला. गाडी किन्नर चालवत होता.

जुना टायर होता 215/75 आर 15. टायरच्या अंगावरचा हा मजकूर मी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचला आणि माझ्यातला शिक्षक दुखावला. 215 ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे बाजूची उंची, ती रुंदीच्या 75 टक्के. आणि 15 हा डिस्कचा व्यास, तो मात्र इंचात. मिलिमीटर, टक्के आणि इंच एका ओळीत! माझ्या वर्गात कोणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं असतं. सगळं मांडून पाहिलं तर जुनं चाक 70 सेंटिमीटरच्या किंचित वर भरलं. नवं होतं 31 इंची, म्हणजे पावणेएकोणऐंशी सेंटिमीटर. वाढ साधारण 12 टक्के.

“मामा, बघा, गाडी केवढी उंच झाली!”

“चार सेंटिमीटर.”

“आठ.”

“आठ चाकात. त्यातले चार आसाच्या खाली आणि चार वर. गाडी उचलली गेली ती खालच्या चारने.”

तो बराच वेळ आसाकडे पाहत राहिला. त्या चार सेंटिमीटरसाठी मोजलेली रक्कम मी बहिणीला अजून सांगितलेली नाही.

पण चार सेंटिमीटरवर भागणार नव्हतंच. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासायचा आणि असा करकरणारा आवाज काढायचा की चौकातली कुत्री उठून बसायची. म्हणून कमानींमध्ये पाटे वाढवले. मग गाडी खरोखरच वीतभर उठली, आणि तिच्या आसपास राहणाऱ्या सर्वांचे प्रश्न सुरू झाले. पपई भरणाऱ्या हमालांनी नव्या उंचीची नवी हमाली मागितली. बहिणीच्या सासूबाई पूर्वी पुढच्या सीटवर स्वतः चढून बसत. आता त्यांच्यासाठी गाडीत एक पाट ठेवावा लागतो, आणि उतरताना तो पाट खाली कोणी ठेवायचा यावर दर वेळी चर्चा होते. सारंगखेड्याला न्यायच्या एका घोड्याने लावलेली फळी पाहिली, मालकाकडे पाहिलं आणि मागे सरकला. लाखांत किंमत होणाऱ्या जनावराला तेवढा विवेक असणारच.

इथे मला लोहाराची आठवण येते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा अंमळ लहानच करी. गोवऱ्यांच्या आगीत ती लालबुंद करायची, तापून फुगली की चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. आक्रसत ती सगळे आरे असे आवळून घेई की चाक वर्षानुवर्षं हलत नसे. गरजेपेक्षा थोडं कमी करून पकड वाढवायची ही विद्या. पुढे 1888 च्या सुमाराला बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. लेकरांच्या हौसेसाठी टायर बदलायची परंपरा तेव्हापासूनची आहे, तेव्हा एकट्या भाच्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

हुकाचं प्रकरण जरा नाजूक. गाडी उठली तसा मागचा हुकही उठला, आणि हुकाबरोबर ट्रॉलीचं नाक. दोन चाकांच्या ट्रॉलीचं थोडं वजन ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर पडलं पाहिजे, साधारण दहाव्या हिश्शाहून थोडं जास्त. नाक वर गेलं की वजन मागे कलतं, हुकावरचा भार कमी होतो आणि ट्रॉली शेपटी हलवू लागते. ही ट्रॉली पहिल्यांदा दोंडाईचा रस्त्यावर हलली. भाचा म्हणाला, रस्ता खराब आहे. रस्ता खराब होता हेही खरंच. पण चांगल्या रस्त्यावरही हलली, तेव्हा त्याने हूक खाली घेऊन वेल्डिंग करून घेतलं. म्हणजे वर जायला एक खर्च आणि खाली यायला दुसरा.

घाटातलं गणित सोपं आहे. इंजिनाचा जोर आसापर्यंत पूर्वीइतकाच येतो. पण चाक मोठं झालं की तोच जोर जमिनीपाशी साधारण 10 टक्क्यांनी कमी पडतो. ब्रेकचंही तसंच. शिवाय रुंद टायर म्हणजे जास्त वजन पेलणारा टायर, असंही नसतं. तो आकडा वेगळा लिहिलेला असतो, 100 म्हणजे 800 किलो, असा. अमेरिकेत पिकअपला मोठे टायर लावणारे लोक म्हणूनच मागच्या हाऊसिंगमधले क्राऊन-पिनियनही बदलतात. मी हे सांगितलं तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही फळ्यावर बोलताय, मी घाटात बोलतोय.” घाटात मात्र तो पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये चढायचा तिथे पहिला टाकू लागला. पहिल्याच्या खाली काही नसतं.

पण घाटाने त्याला नमवलं नाही. नमवलं वरातीने.

आमच्याकडची वरात पाहिली नसेल तर वेगाची कल्पना येणार नाही. टिमलीच्या नाचाचा ठेका वाजायला लागला की मांडव ते मारुतीचं देऊळ हे हाकेचं अंतर तीन तासांत कापलं जातं. नवरदेवाचे मित्र पुढे दोन पावलं जातात आणि मागे तीन येतात. गणिताप्रमाणे वरात उलटी घरी पोचायला हवी, पण कशी कोण जाणे ती पुढे सरकते. तिच्यामागे आमची पिकअप, हौद्यात स्पीकर, मागे जनरेटर. पहिल्या गिअरमध्ये पायाने काही न दाबतासुद्धा गाडी माणसाच्या चालीहून थोडी जास्तच पळते. चाक 12 टक्क्यांनी मोठं, म्हणजे ही धावही 12 टक्क्यांनी जास्त. नाचणाऱ्यांच्या टाचांवर गाडी जाऊ नये म्हणून क्लच सतत अर्धा दाबून धरायचा, थांबायचं, पुन्हा जागेवरून तो सगळा डोलारा ओढायचा, पुन्हा अर्धा क्लच. तासाभराने जळका वास सुटला. लोकांना वाटलं फटाके. नवरदेवाच्या आत्याने पदर नाकाला लावून “बारूद चांगली नाही” असा शेरा मारला. दुसऱ्या तासाला गाडी रेझ होऊ लागली पण सरकेना, आणि टिमलीने ऐन जोर धरलेला असताना पन्नासेक वऱ्हाडी स्पीकरसकट पिकअप ढकलत देवळापर्यंत घेऊन गेले. नाचणं कोणी थांबवलं नाही. ढकलणाऱ्यांनीही नाही.

क्लच प्लेट बदलताना गॅरेजमधल्या मिस्त्रीने एक अहिराणी वाक्य टाकलं: “गाडी उच्ची झायी भाऊ, पन घाट धाकला झाया का?” माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला. मला थोडं वाईटही वाटलं.

एक गोष्ट मात्र मी बरेच दिवस बोललो नव्हतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं, हे मी बोललो होतो, त्यावर त्याने “एम एच 39 मध्ये कोण बघतं?” असं म्हणून चहा मागवला होता. न बोललेली गोष्ट वेगळी होती. भाच्याचं भाडं किलोमीटरवर ठरतं, 20 रुपये. गाडीतला मीटर चाकाचे फेरे मोजतो. जुन्या चाकाला एका किलोमीटरला साधारण 452 फेरे लागायचे. नव्याला 404 पुरतात. मीटरला बिचाऱ्याला चाक बदलल्याचं कोणी सांगितलेलं नाही. म्हणजे गाडी 112 किलोमीटर धावली की तो 100 दाखवतो, आणि भाचा प्रत्येक शंभराला 240 रुपये गिऱ्हाइकाला दान करतो. पंचक्रोशीत त्याची कीर्ती वाढत होती. माझ्यासमोर लोक त्याच्या प्रामाणिकपणाची उदाहरणं देत. मिरचीवाले इतरांना सोडून त्यालाच बोलवत. धंदा वाढला म्हणून त्याची आई खूश होती, आणि डिझेलला पैसे पुरत नाहीत म्हणून तो रात्री वही घेऊन बसत होता.

शेवटी वही माझ्याकडे आलीच. मी फेऱ्यांचं गणित मांडून दाखवलं. तो म्हणाला, “म्हणजे स्पीडही?” स्पीडही. काटा 60 वर असताना गाडी 67 ने धावत होती. त्याचं तोंड एकदम उजळलं. “म्हणजे मी वाटलं होतं त्यापेक्षा फास्ट होतो!”

टायर उतरवायचे ठरले. “क्लचसाठी उतरवतोय, तुमच्या गणितासाठी नाही,” असं त्याने जाहीर केलं. गिऱ्हाईक आलं ते तळोद्याकडचे एक आबा, टायरगाडीवाले. माझ्या मते या टायरांना त्यांच्याइतका योग्य मालक सापडला नसता. खाचखळग्यांतून मोठं चाक खरोखरच हलकं ओढलं जातं, आणि बैलांना त्याच्या बदल्यात काही गमवावं लागत नाही. आबांनाही ते ठाऊक होतं. टायरवर हात फिरवत ते म्हणाले, “बैलसले कथा गिअर ऱ्हातस?” मग नक्षी किती उरली ते अंगठ्याने चाचपलं आणि किती चालले म्हणून विचारलं.

भाच्याने आकडा सांगितला.

“तुना मीटरवर?” आबा हसले. गेल्या हंगामात त्यांची मिरची याच गाडीने गेली होती. “मंग शंभरना एकशेबारा धर, आन मंग भाव सांग.”