बाजूने दिसणारा समुद्र

इजिप्तमधल्या सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला शर्म अल-शेख आहे. मागे वाळवंट, पुढे तांबडा समुद्र. तिसरं काही निसर्गाने तिथे ठेवलं नव्हतं, म्हणून माणसाने हॉटेलं बांधली. आता हॉटेलं इतकी झाली आहेत की वाळवंट आणि समुद्र दोन्ही शोधावे लागतात. पिरॅमिड बघून पाय दुखलेल्या आणि ममी बघून जीव विटलेल्या मराठी कुटुंबाला शेवटचे चार दिवस ‘नुसतं पडून राहायचं’ असतं. त्या पडून राहण्यासाठी कुठे पडायचं, यावर घरात महिनाभर खल चालतो.

पहिला वाद खिडकीचा. ‘सी व्ह्यू’ सगळ्यात महाग. त्याखालोखाल ‘साइड सी व्ह्यू’, म्हणजे बाजूने दिसणारा समुद्र. बाल्कनीच्या कठड्यावरून कमरेपर्यंत बाहेर झुकायचं, घरातल्या जबाबदार माणसाने मागून पट्टा धरायचा, की दोन इमारतींच्या फटीतून निळी रेघ दिसते. सगळ्यात स्वस्त ‘गार्डन व्ह्यू’. इथेच हिशेब उलटा होतो. समुद्र देवाने फुकट दिलेला, त्याचे पैसे जास्त. बाग मात्र समुद्राचंच पाणी यंत्राने गोडं करून, पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा जमिनीवर जगवलेली, तर ती स्वस्तातली. आणि संध्याकाळी गुलाबी होणारे सिनाईचे डोंगर, जे खरोखर बघण्यासारखे आहेत, ते मागच्या बाजूला. तिकडे हॉटेलवाले स्वयंपाकघराचं धुराडं काढतात.

दुसरा वाद ‘हॉटेल समुद्रावरच आहे ना?’ या प्रश्नाचा. आहे. बरीचशी आहेत. पण अलिबागला जसं पँट दुमडून थेट पाण्यात शिरता येतं, तसं इथे बहुतेक ठिकाणी जमत नाही. किनाऱ्याला लागूनच प्रवाळांचे खडक आहेत आणि त्यांच्यावर पाय ठेवायला मनाई आहे. ठेवला तर प्रवाळ मरतो आणि पायही फाटतो, त्यामुळे मनाई दोघांच्याही हिताची. उत्तरेकडच्या नब्कमध्ये हा खडकाळ, गुडघाभर पाण्याचा पट्टा चांगलाच रुंद. तो ओलांडायला हॉटेलं पाण्यात लांबलचक धक्का काढतात. धक्क्याच्या टोकाला शिडी, शिडीखाली एकदम खोल समुद्र आणि सुंदर मासे. वारा उत्तरेचा, तो नब्कला थेट लागतो. वारा वाढला की लाल झेंडा चढतो, धक्का बंद होतो, आणि समुद्रावर आलेली मंडळी स्विमिंग पूलमध्ये उतरतात. हिवाळ्यात तर गंमत आणखी. समुद्राचं पाणी बावीस अंशांच्या आसपास, आणि न तापवलेला पूल त्याहून गार. माहितीपत्रकात पूल किती मोठा ते लिहिलेलं असतं, तापवलेला आहे की नाही ते तळाच्या बारीक अक्षरांत.

रास उम सिद या भागाची गोष्ट वेगळी. तिथे हॉटेल कड्यावर आणि समुद्र खाली. पायऱ्या उतरून तरंगत्या धक्क्यावरून उडी मारली की समोर प्रवाळाची सरळ भिंत. ज्यांना पोहता येतं आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत, त्यांनी डोळे मिटून इथेच राहावं. मात्र या दोन्ही अटी पुऱ्या करणारा माणूस आपल्या कुटुंबात सहसा एकच असतो, तोही अठरा वर्षांचा, आणि त्याला विचारतं कोण? शेजारचं हदबा पठारावर. तिथली बरीच हॉटेलं समुद्रापासून लांब, म्हणून किनाऱ्यावर न्यायला बस ठेवतात. सुट्टीत बसच्या वेळा सांभाळायच्या असतील तर ठाणे काय वाईट होतं?

उरतो नामा बे. वारा त्यातल्या त्यात अडलेला, वाळू मऊ, आजीला हात धरून पाण्यात नेता येतं. हीच इथली चौपाटी. म्हणजे चौपाटीचे सगळे गुणही आले: हुक्क्याचा धूर, दुकानात ओढणारे पोरगे, आणि पहाटेपर्यंत खिडकीच्या काचा थरथरवणारा डिस्को. ‘मध्यवर्ती ठिकाण’ या शब्दांचा अर्थ जगात सगळीकडे एकच असतो.

मोठ्या माणसांनाही हे गाव सोपं गेलेलं नाही. २००९ च्या जुलैत अलिप्ततावादी राष्ट्रांच्या परिषदेसाठी मनमोहन सिंग आणि पाकिस्तानचे पंतप्रधान गिलानी इथे भेटले. संयुक्त निवेदनात बलुचिस्तानचा उल्लेख आला आणि दिल्लीत संसद डोक्यावर घेतली गेली. २०२२ च्या नोव्हेंबरात जगाचं तापमान कसं आवरावं हे ठरवायला सगळे देश इथेच जमले. ते आवरेपर्यंत खोल्यांचे भाव असे भडकले की गरीब देशांच्या प्रतिनिधींनी आणि कार्यकर्त्यांनी आधी त्याचीच तक्रार केली. वातानुकूलित मंडप, गोड्या केलेल्या पाण्यावरची हिरवळ आणि मध्ये बसून वाळवंटीकरणाची चिंता. जागेची निवड अचूक म्हणायची.

याच शहरातल्या सोहो स्क्वेअर नावाच्या बाजारपेठेत बर्फावर स्केटिंग करायची सोय आहे. बाहेर उन्हाळ्यात चाळीसच्या आसपास तापमान, आत लोकरी मोजे. वाळवंटात आलेल्या माणसाला वाळवंट सोडून काहीही दाखवलं तरी तो खूश असतो, हे तिथल्या बिल्डरांनी आपल्या बिल्डरांच्याही आधी ओळखलं.

तर महिनाभराच्या खलानंतर कुटुंब नब्कला पोहोचतं, कारण तिथे त्याच पैशात एक तारा जास्त मिळतो. मनगटाला प्लास्टिकचा पट्टा बांधला जातो. पट्टा आहे तोवर खाणंपिणं सगळं भाड्यात आलेलं, त्यामुळे सकाळच्या आम्लेटपासून रात्रीच्या बकलाव्यापर्यंत भाडं वसूल करण्याचं काम सुरू होतं. त्यात पोहायला वेळ मिळत नाही. धक्क्याच्या टोकापर्यंत दोघं जाऊन येतात, फोटो काढतात, मासे दिसल्याचं सांगतात. काउंटरवरचा तरुण नम्रपणे विचारतो, थोडे पैसे भरून खोली बदलून देऊ का, समोर समुद्र असलेली? आतापर्यंत एकाही मुद्द्यावर एकमत न झालेलं कुटुंब एका सुरात सांगतं, समुद्र राहू द्या, जेवणघराजवळची बघा.