पीडीएफकाका

२३ एप्रिलला पहाटे पाच चाळीसला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक चित्र येतं: समई, गुलाब आणि उघडं पुस्तक. खाली ‘जागतिक पुस्तक दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’, आणि त्याखाली चौतीस पीडीएफ. युनेस्कोने १९९५ साली हा दिवस ठरवला तो ‘पुस्तक आणि स्वामित्वहक्क दिन’ म्हणून. पीडीएफकाका त्यातला पहिला शब्द पाळतात.

चोर म्हणावं तर माणूस तसा मुळीच नाही. भाजीवालीने चुकून दहा रुपये जास्त परत दिले, तर भर उन्हात माघारी जाऊन देतील. लेखा विभागात छत्तीस वर्षं काढली. ऑफिसची टाचणीसुद्धा घरी आली नाही. पुस्तकापाशी मात्र त्यांचं गणित बदलतं.

“यात कागद नाही, शाई नाही, बाइंडिंग नाही. मग पैसे कशाचे?”

“काका, लेखकाने तीन वर्षं डोकं चालवलं, त्याचे.”

“डोकं त्याचं स्वतःचंच होतं ना? विकत थोडंच आणलं होतं!”

त्यांच्याकडे अकरा हजारांवर पीडीएफ आहेत. त्यात पानोपानी स्कॅन करणाऱ्याचा अंगठा असतो, रहस्यकथेचं नेमकं शेवटचं पान नसतं, आणि पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का असतो: ‘पुस्तक जपून वापरावे.’ काकांची याबद्दल तक्रार नसते, कारण त्यांनी ती फाइल उघडलेलीच नसते. “वाचायला वेळ कुठे मिळतो? जमवण्यातच दिवस जातो.”

(कुठेच मिळेना म्हणून एक जुनी कादंबरी मीही त्यांच्याकडून घेतली आणि अंगठ्यासकट वाचली. तेव्हापासून या विषयावर माझा आवाज जरा खालच्या पट्टीत असतो.)

एकदा मी त्यांना १९५७चा कायदा सांगून पाहिला. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतात.

“म्हणजे पुलं २००० साली गेले, तर २०६० संपेपर्यंत? तोवर मी शंभरी ओलांडलेली असेन!”

“मग साने गुरुजी पाठवा ना. ते १९५० साली गेले. २०११पासून ‘श्यामची आई’ सगळ्यांना मोकळी आहे.”

काकांचा चेहरा पडला. “ती काय, सगळ्यांच्या घरी असतेच हो.”

गेल्या वर्षी काकांनी स्वतः पुस्तक काढलं. दोनशे चारोळ्या, पाचशे प्रती, खर्च पेन्शनीतून. कागद, शाई आणि बाइंडिंग यांचे पैसे कशाचे असतात हे त्यांना या निमित्ताने तपशीलवार कळलं. दुसऱ्याच पानावर ठळक टायपात छापलं होतं, ‘सर्व हक्क लेखकाधीन. विनापरवानगी प्रसार केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ आता ग्रुपवर आमची खैर नाही, असं आम्ही धरून चाललो.

दोन महिन्यांनी काका संध्याकाळी घरी आले. चहा झाला, हवापाणी झालं. मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, “तुमच्याकडे कुणी पाठवली का हो, माझी पीडीएफ?”

“नाही बुवा.”

“दुसऱ्या एखाद्या ग्रुपवर? शाळेच्या? गावाकडच्या?”

“नाही. का, कुणी चोरली की काय?”

काका बराच वेळ कपातल्या गाळाकडे बघत राहिले. “मीच टाकली होती,” ते म्हणाले. “नातवाच्या नंबरावरून. कुणी पुढे ढकललीच नाही.”

यावर काय बोलायचं असतं, मला ठाऊक नाही. मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो आणि एक प्रत मागितली. दिवाणाखालून त्यांनी गठ्ठा ओढला, सुतळी सोडली, वरची प्रत सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि सही करून दिली. किंमत १५० रुपये. प्रदर्शनात वीस टक्के सूट असते, हे मी सहज बोलून पाहिलं. काकांनी ते ऐकलं नाही. दोनशेच्या नोटेतले पन्नास रुपये त्यांनी दोनदा मोजून परत दिले.